वऱ्हाडच्या डोंगरांवर पायी चढू द्या



पावसाळा ओसरला की अमरावती-अकोल्यातील तरुण रात्रीच्या गाडीने इगतपुरी गाठतात आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई चढून येतात. घरची वडीलधारी मंडळी विचारतात, ‘‘कायले मराले जाता तिकडं?’’ ती काळजी रास्त आहे. माझा सवाल निराळा आहे : त्यांना इतक्या लांब का जावे लागते? अकोट तालुक्यात नरनाळा किल्ला आहे, चिखलदऱ्याला लागून गाविलगड आहे, वैराटचे टोक ११७८ मीटर उंच आहे. तरीही आपल्याकडे डोंगर ही गाडीने गाठायची जागा झाली आहे. घाट चढायचा, पॉइंटवर फोटो काढायचे, कणीस खायचे आणि परतायचे.

वऱ्हाडी माणसाला चढण्याची आवड नाही, हे मला पटत नाही. नागपंचमीच्या आधी पचमढीच्या नागद्वारीला भर पावसात डोंगर तुडवणाऱ्यांत आपलीच माणसे मोठ्या संख्येने असतात. महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढणारेही असतात. हेच पाय हौसेने डोंगराकडे वळले, की मात्र लोक त्यांना रिकामटेकडे म्हणतात.

पहिला आक्षेप वाघाचा, आणि तो बिनतोड वाटतो. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. तेथे मोकाट भटकंती नकोच. पण याच सातपुड्यात, मध्य प्रदेशातील सातपुडा व्याघ्र प्रकल्पात, वाटाड्यासोबत पायी जंगलभ्रमंती चालते. केरळच्या पेरियारमध्ये तर एकेकाळचे शिकारी आज पर्यटकांना पायी जंगल दाखवतात. त्यांना जमते ते आपल्याला का जमू नये?

दुसरा आक्षेप अपघाताचा. ओल्या कातळावर शेवाळ धरते, उतरताना घसाऱ्यावर पाय सुटतो, तटाच्या कडेला सेल्फीपायी तोल जातो. मार्चनंतर उन्हाने पाण्यावाचून हाल होतात. यावर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. बंदी आली की पोरे आडवाटेने जातात, आणि मग कोण कुठे अडकले हे कळायलाही मार्ग उरत नाही.

म्हणून सूचना अशी : ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात शहानूरहून नरनाळ्यावर जाणारी एक पायवाट वन विभागाने खुणा लावून खुली करावी. रोजची संख्या ठरलेली असावी, नोंदवही असावी, सोबत गावातलाच प्रशिक्षित वाटाड्या असावा आणि अंधारापूर्वी परतणे सक्तीचे असावे. मेळघाटाच्या वाटा कोरकू आदिवासी तरुणांइतक्या कुणाला ठाऊक आहेत? त्या माहितीचा मोबदला त्यांना मिळू द्या. वर महाकाली दरवाजा आहे; १४८७ चा शिलालेख आणि दगडातल्या कोरीव जाळ्या असलेला. गाडीतून उतरून त्यावर नजर टाकणाऱ्यापेक्षा चढून आलेला माणूस त्याच्यापाशी जास्त वेळ थांबतो, कारण त्याला दम खायचा असतो!

प्रशिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याची गरज नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवणाऱ्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने दोरकाम, प्रथमोपचार आणि बचावकार्याचा छोटा अभ्यासक्रम हाती घ्यावा. वन विभाग आणि मंडळाने एकत्र बसून येत्या हिवाळ्यापुरता तरी हा प्रयोग करून पाहावा, ही विनंती.

— एक डोंगरवेडा वाचक, अकोट (जि. अकोला)