अबोल्याला मुदत हवी

मैत्रिणींनो, भांडणाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. अमकीच्या घरात रोज खडाजंगी, तमकीचा नवरा फार तापट, हे सगळं जिन्यात उभ्याउभ्या सांगून होतं. पण ज्या घरातून आवाजच येत नाही, त्याला 'शांत कुटुंब' म्हणून आपण मोकळ्या होतो. त्या शांततेत किती दिवसांचा अबोला मुरला आहे, हे शेजारणीला कुठून कळणार? घरातल्या बाईला मात्र ते चांगलं ठाऊक असतं.

रुसवा आणि अबोला एक नव्हेत, बरं का. रुसलेल्या माणसाला कुणीतरी येऊन विचारावं असं वाटत असतं. वाल्मीकींच्या रामायणात कैकेयी क्रोधागारात जाऊन जमिनीवर पडली, ती दशरथानं येऊन विचारावं म्हणूनच. (तो रुसवा सगळ्यांनाच भलता महागात पडला, ही गोष्ट निराळी!) अबोल्यात मात्र समोरच्यानं विचारलं तरी उत्तर द्यायचं नसतं. ती शिक्षा असते, आणि किती दिवसांची ते सांगितलेलं नसतं.

अलीकडेच एका भगिनींचं पत्र आलं. त्यांच्या यजमानांनी धाकट्या भावाला चाळीस हजार रुपये दिले आणि घरात सांगितलं नाही. बाईंना ते कळलं पासबुक भरून आणल्यावर. झालं! 'मी एका शब्दानं भांडले नाही,' असं त्यांनी जरा अभिमानानंच लिहिलं आहे. सतरा दिवस स्वयंपाक वेळेवर, कपडे इस्त्रीचे, आणि बोलणं नऊ वर्षांच्या मुलीमार्फत. एका सकाळी त्यांनी लेकीला निरोप दिला, "सांग तुझ्या बाबांना, डबा भरून ठेवलाय. न्यायचा तर न्या." मुलगी बाहेर गेली आणि म्हणाली, "बाबा, आईनं डबा भरलाय. तुमच्या आवडीची भाजी केलीय." भाजी होती दुधी भोपळ्याची. ती त्यांना मुळीच आवडत नाही. हे आतून ऐकलं, आणि बाईंनी त्याच दुपारी मला पत्र लिहायला घेतलं.

मला त्या मुलीची फार काळजी वाटली. आईबाप बोलत नाहीत हे तिला दिसतं. कशावरून, ते कुणी सांगत नाही. मग ती आपल्या बुद्धीनं ठिगळ लावायला बघते. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली आपल्या सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही महिन्यांच्या बाळासमोर आईला बसवायचं, थोडा वेळ नेहमीसारखं खेळू द्यायचं, आणि मग तिनं दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळ आधी आईकडे पाहून हसतं, तिचं लक्ष वेधायला बघतं. आणि कशाचाच उपयोग होत नाही असं पाहिल्यावर तोंड फिरवून घेतं. ही गोष्ट दोन-तीन मिनिटांची! आपण घरात सतरा दिवस कोऱ्या चेहऱ्यानं वावरतो आणि वर म्हणतो, 'मुलांसमोर भांडायचं नाही असा आमचा नियम आहे.'

एखादी म्हणेल, मग काय तोंडाला येईल ते बोलून टाकायचं? मुळीच नाही. राग डोक्यात असताना गप्प बसणं शहाणपणाचंच आहे. जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात अनेक वर्षं नवराबायकोंच्या भांडणांचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की छाती धडधडत असताना माणसाला दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. शरीर निवायला निदान वीस मिनिटं लागतात. त्या वेळात मनातल्या मनात जुने हिशेब उगाळले, तर ते निवतही नाही. चालून यावं, भाजी निवडावी, मासिक चाळावं. भिंतीसारखं गप्प होण्याची खोड त्यांना पुरुषांत जास्त आढळली, हे वाचून पुष्कळजणी मान डोलावतील.

तेव्हा गप्प जरूर बसा, पण सांगून बसा. "आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही. रात्री मुलं झोपली की बोलू." एवढं वाक्य पुरे. आणि रात्री खरंच बोला. 'जाऊ दे आता' म्हणून झोपू नका, नाहीतर पुढच्या वेळी त्या वाक्याला किंमत राहणार नाही. यजमानच गप्प झाले असतील, तर त्यांच्यामागे खोलीभर प्रश्न विचारत फिरू नका. कधी बोलायचं, एवढंच विचारा.

हे झालं बरोबरीनं बोलता येईल अशा घराचं. जिथं बोललं की हात उगारला जातो, तिथं गप्प राहणं हे बाईचं संरक्षण असतं, आणि 'तूच आधी बोल' असा सल्ला तिला कुणी देऊ नये. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, अपमान हेही येतं. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. तो पाठ असू द्या.

जावाजावांचे, नणंदाभावजयांचे अबोले तर वर्षानुवर्षं चालतात. आता त्यात फोनची भर! निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. इथं मला आपली संक्रांत फार सोयीची वाटते. तिळगूळ हातावर ठेवताना चूक कुणाची होती हे ठरवावं लागत नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र फोनवर पाठवू नका, स्वतः जाऊन करा.

आता पत्र लिहिणाऱ्या बाईंना. लेकीला आजच जवळ घेऊन सांगा, "बाबांचं आणि माझं पैशावरून बिनसलंय, ते आम्ही दोघं बघू, तू निरोप न्यायचे नाहीत." मग यजमानांकडे विषय काढा, पण 'तुमच्या घरचे असेच' इथून सुरुवात नको. तुमची तक्रार दिराबद्दल नाही, न विचारल्याबद्दल आहे; तेवढीच मांडा. पैसे परत कधी यायचे ते कागदावर लिहून घ्या. आणि किती रकमेच्या वर दोघांनी एकमेकांना विचारायचं, तो आकडाही त्याच कागदावर घाला. तुमच्या भिशीलाही तो लागू राहील, हे ध्यानात ठेवून आकडा ठरवा.