उपग्रहाची साक्ष आणि शेताचा बांध

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू होऊन सातबाऱ्यावर पीक नोंदविण्याचें काम खुद्द शेतकऱ्याच्या हातीं आलें, हें आम्हांस फार इष्ट वाटतें. शेतांत उभें राहून फोनानें छायाचित्र घेतलें, कीं स्थळाची साक्ष उपग्रह देतात.

परंतु त्याच फोनानें शेजाऱ्याचा बांध ठरवूं पाहणारे बंधु परतूरकडे आढळूं लागले आहेत. तें आम्हांस मान्य नाहीं. मोकळ्या रानांतही साध्या फोनाची चूक सुमारें ५ मीटर, म्हणजे १६ फूट, होऊं शकते. गुंठ्याची बाजू ३३ फूट. तेव्हां बांधाच्या दर ३३ फुटांमागें अर्धा गुंठा इकडचा तिकडे! एवढ्यावर भाऊबंद कोर्टांत जातात.

भूमि अभिलेख खात्याच्या रोव्हर यंत्रास जमिनीवरील स्थिर केंद्रांकडून दुरुस्ती मिळते, म्हणून त्याची चूक कांहीं सेंटिमीटरांचीच. शिवाय ही विद्या मूळची अमेरिकन लष्कराची. मे २००० पर्यंत तें सरकार नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळीत असे. आपले ‘नाविक’ उपग्रह २०१३ पासून आकाशांत जाऊं लागले, त्याचें एक कारण हेंच परावलंबन.

वाद असल्यास मोजणीचा रीतसर अर्ज करावा, लगतच्या खातेदारांसमक्ष हद्दीच्या खुणा पाहून घ्याव्या, आणि मोजणीची ‘क’ प्रत पेटींत ठेवावी.