शोध एआयने लावला, तर पेटंट मिळतं का? एक डबा, एक दिवा आणि कोर्टाचं उत्तर

खाद्यपदार्थांचा एक डबा आणि विशिष्ट तालात लुकलुकून लक्ष वेधणारा एक दिवा. या दोन वस्तूंसाठी स्टीफन थेलर या अमेरिकी संशोधकाने 2018 मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटचे अर्ज केले. अडचण एकच होती. शोध आपण लावलेला नाही, तो आपल्या 'डाबस' या एआय यंत्रणेने स्वतःहून लावला, असं थेलर यांचं म्हणणं होतं.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2023 रोजी ते फेटाळलं. शोधकर्ता माणूसच हवा. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही हाच शेवट झाला. दक्षिण आफ्रिकेने 2021 मध्ये पेटंट दिलं खरं, पण तिथे अर्जाची सखोल तपासणी होतच नाही.

बातम्या इथेच थांबल्या. निकालातला महत्त्वाचा भाग मात्र पुढे आहे. 'शोध माझा, डाबस हे फक्त माझं साधन', अशी भूमिका थेलर यांनी घेतली असती, तर निकाल वेगळा लागू शकला असता, असं न्यायालयाने नमूद केलं. म्हणजे यंत्राचा वापर आड आला नाही, माणसाचं नाव नसणं आड आलं. मग यंत्राला श्रेय द्यायला कोण धजावेल?

माणसाचा वाटा किती हवा, यावर अमेरिकेचंच धोरण पालटलं. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या पेटंट कार्यालयाने माणसाचं 'लक्षणीय योगदान' हवं, असं सांगितलं. नोव्हेंबर 2025 मध्ये ती सूचना मागे घेतली. आता एआय हे प्रयोगशाळेतल्या उपकरणासारखंच एक साधन, आणि शोधाची पक्की कल्पना माणसाच्या डोक्यात तयार झाली होती का, एवढाच प्रश्न.

भारतात 1970 चा पेटंट कायदा 'खरा आणि पहिला शोधकर्ता' मागतो. तो माणूसच असावा, असं व्याख्येत स्पष्ट लिहिलेलं नाही, कारण तेव्हा दुसरी शक्यताच नव्हती. एआयचा विचार करून कायद्याचा फेरआढावा घ्या, अशी शिफारस संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने 2021 मध्ये केली होती. (नुसता अल्गोरिदम पेटंटपात्र नाही, हा नियम वेगळा. तो शोध कोणी लावला हे बघत नाही.)

खरी कसोटी पेटंट मिळाल्यावर लागेल. समजा, एआयने हजारो रेणू सुचवले आणि कंपनीने त्यातला एक निवडून औषध बनवलं. पेटंट 20 वर्षांचं. खोटी माहिती देऊन मिळवलेलं पेटंट आपल्याकडे रद्द होऊ शकतं. प्रतिस्पर्धी कंपनी कोर्टात एवढंच विचारेल: तुमच्या शास्त्रज्ञाने नेमकं काय केलं, ते दाखवा. त्यासाठी यंत्राला काय विचारलं आणि माणसाने काय ठरवलं, याच्या तारखेनिशी नोंदी लागतील.