स्वखुशीने राजीनामा?

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतल्या एका भावाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सर, एवढं वाचून सांगता का?" उद्यमबागेतल्या एका कारखान्यात १४ वर्षे लेथवर काम. मालक म्हणाले, बाहेरचा माल इतका स्वस्त पडतो की आपल्याकडे ऑर्डरच उरली नाही. ते खरेही असेल. पण कागद कन्नडमध्ये होता आणि त्यात लिहिले होते की, घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे. खाली याची सही. हिशोब लवकर मिळेल म्हणून सांगितले, याने केली.

आयातीमुळे काम गेले तर सरकार काही देते का, असे त्याने विचारले. अमेरिकेत असा कायदा १९६२ पासून होता. कामगार स्वतः अर्ज करत, आयातीमुळेच काम गेले असे सरकारी खात्याने ठरवले की प्रशिक्षण आणि भत्ता मिळे. १ जुलै २०२२ पासून तिथेही नवे अर्ज मंजूर होणे थांबले. आपल्याकडे तसे काही नाही. आपले सरकार आयात रोखते ती सीमेवर. खेळण्यांवरचा आयात कर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाला. त्याचा फायदा कारखानदाराला. काम गेलेल्या माणसाच्या हातात त्यातले काय पडते?

म्हणून काम का गेले यापेक्षा ते कागदावर कसे गेले, यावर आपल्याकडे सगळे अवलंबून आहे. कामगार कपात म्हटले तर सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचे वेतन, म्हणजे या भावाला २१० दिवसांचे, शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत मालकाने आणखी १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे आहे, ते कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांत जमा व्हायला हवे. राजीनामा म्हटले की यातले काहीच नाही. ग्रॅच्युइटी तेवढी मिळते, पण ती त्याच्या कष्टाची, काम गेल्याची भरपाई नव्हे. बरेच जण इथेच फसतात. ग्रॅच्युइटीचा चेक बघून वाटते, सगळे मिळाले.

ई.एस.आय.चेही तसेच. २०१८ च्या अटल योजनेत पगाराच्या २५ टक्के मिळत, २०२० मध्ये ते ५० टक्के झाले. पण फक्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. विमा किमान २ वर्षांचा हवा, काम सुटण्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत तेवढीच. अर्ज थेट शाखा कार्यालयात देता येतो, मालकाची शिफारस लागत नाही. मात्र गैरवर्तनाची शिक्षा किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल तर नाही. आता "स्वखुशीने" लिहिलेला कागद समोर आला तर साहेब काय म्हणतील? कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर २००५ पासूनची आणखी एक योजना आहे, तिच्यात भत्ता २ वर्षांपर्यंत आणि घरच्यांना औषधोपचारही. तिथे तर राजीनामेवाल्याला जागाच नाही. या योजनांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, तेव्हा आज काय चालू आहे ते खिडकीवर विचारून घ्यावे.

ठेकेदाराकडच्या पोरांचे तर विचारूच नका. ज्यांना ई.एस.आय. नंबरच नाही, त्यांना हे सारे ऐकीव.

मालकांविषयी मला राग नाही. आमच्याच मंडळीत दोन छोटे कारखानदार आहेत आणि त्यांचीही झोप उडालेली आहे. पण काम नाही म्हणून माणूस कमी करायचा असेल तर तसे लिहावे. घरगुती अडचण कशाला? ती अडचण तर कागदावर सही झाल्यावर सुरू झाली.

बुधवारी आम्ही दोघे कामगार खात्याच्या कार्यालयात जाणार आहोत. सही झाली असली तरी ती कशी घेतली गेली हे लेखी मांडायचे आहे. पगाराच्या चिठ्ठ्या आणि ई.एस.आय. कार्ड बरोबर घेतले आहे. आणखी कोणावर अशी पाळी आली असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये कागद घेऊन यावे. कन्नड वाचून सांगणारे दोघेजण आहेत.

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव