मिस्त्रीचे तर्कशास्त्र

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कार्बोरेटरवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. "तुमचा आणि मोटारसायकलच्या दुरुस्तीचा काय संबंध?" असेही कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो तर्कशास्त्राच्या तासाशी आहे, असे माझे मत आहे.

घडले ते असे. आमच्या घरी बोरी अरबला वडिलांची जुनी मोटारसायकल आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. पण आमच्याकडे शेतकऱ्यांच्या दारात अजून जुन्या गाड्या उभ्या असतात. गेल्या उन्हाळ्यात, गाडी पेट्रोल जास्त खाते म्हणून मी स्वतःच कार्बोरेटर उघडून धुतला. जोडल्यावर गाडी चोक लावला की चाले, काढला की बंद पडे. दुसऱ्याच दिवशी वडिलांना पीककर्जाच्या कामासाठी दारव्ह्याला बँकेत जायचे होते.

मी काय केले? प्लग बदलला. हवेचा स्क्रू कधी आत, कधी बाहेर फिरवला. मुळात तो किती फेरे उघडा होता, हे मोजायचे राहूनच गेले होते. शेवटी सारा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलवर टाकून मोकळा झालो. त्याच पंपावरच्या पेट्रोलवर शेजाऱ्यांची तशीच जुनी गाडी सुरळीत चालत होती, हे डोळ्यांसमोर असून मला दिसले नाही. वडील भर उन्हात एसटीची वाट पाहत उभे राहिले. बँकेत पोचेपर्यंत कामाची वेळ टळली होती. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागले.

संध्याकाळी गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री म्हणजे दहावीनंतर शाळा सोडलेला माझाच वर्गमित्र. इथेनॉलवरचे माझे व्याख्यान त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "परवालोक बराबर चालत होती नं? मंग तवापासून तू काय काय उघडलं, थे सांग पयले."

चोक लावून त्याने गाडी चालू ठेवली आणि कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबराच्या सांध्यावर पाण्याचे थेंब सोडले. इंजिनाचा आवाज लगेच बदलला. सांधा मी नीट बसवला नव्हता. तिथून फाजील हवा शिरत होती. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हवा त्याहून फार वाढली की गाडी दम धरत नाही. चोक कार्बोरेटरच्या तोंडाशी हवा अडवतो, म्हणून तो लावला की गाडी चालत होती. तिने खूण पहिल्याच क्षणी दिली होती. मीच विचार केला नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात व्यतिरेक पद्धती मांडली. दोन प्रसंगांत बाकी सारे सारखे आणि एकच गोष्ट वेगळी असेल, तर कारण तिथे शोधावे, असा तिचा आशय. ती मी पाठ करून परीक्षेत लिहिली आहे आणि गुणही मिळवले आहेत. मिस्त्रीने मिलचे नाव ऐकलेले नाही. पण शेवटी जिथे हात लागला तिथून तपास सुरू करायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हा नियम तो रोज पाळतो. मी प्लग आणि स्क्रू दोन्ही बदलून बसलो, त्यामुळे कशाने काय झाले हे कळायची वाटच बंद झाली.

हे केवळ गाडीपुरते नाही. परीक्षेत गुण कमी पडले तर पेपर अवघड, स्नेहसंमेलन फसले तर प्रेक्षक अरसिक, असे आपण बोलतोच. स्वतःचा हात कुठे लागला होता, हा प्रश्न आपण शेवटपर्यंत टाळतो.

म्हणून आमच्या गुरुजनांना एक नम्र विनंती आहे. वर्षातून एकदा तर्कशास्त्राच्या तासाला गावातल्या एखाद्या मिस्त्रीला बोलवावे, बिघडलेली गाडी समोर ठेवावी आणि दोष कसा शोधतात हे आम्हांला पाहू द्यावे. त्या दिवशी खुर्चीवर मिस्त्रीने बसावे आणि बाकावर आम्ही.