भंगारातल्या यंत्रावर डॉक्टरेट



मागे एका हळदीच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारा मुलगा आमच्या ओळखीचा. त्याचा चेहरा उतरलेला दिसला. चौकशी केली तेव्हा कळले की वडिलांच्या वेळचा कीबोर्ड बंद पडला आहे. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, "याचे पार्ट आता मिळत नाहीत. भंगारात घाल." मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, कर्ज काढून नवा घेईन. पण तो आवाज कुठून आणू?"

या एका प्रश्नावर काही संशोधकांनी आपली उमेदीची वर्षे खर्च करून पीएच.डी. मिळवली आहे, हे सांगितले तर कुणाला खरे वाटेल काय? आज त्याचीच हकीकत सांगतो.

ऑक्टोपॅड काढणारी जपानची रोलँड कंपनी आपल्या वादकांना ठाऊक आहे. तिचे संस्थापक इकुतारो काकेहाशी. त्यांचे आईवडील ते अगदी लहान असतानाच क्षयाने गेले. पोरक्या मुलाने आधी घड्याळे दुरुस्त केली, मग रेडिओ दुरुस्त केले, आणि त्यातूनच तो वाद्ये बनवू लागला. याच कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचे ताल वाजवणारे यंत्र बाजारात आणले. किंमत ११९५ डॉलर. त्याच सुमारास अमेरिकेत निघालेल्या लिन एलएम-१ या यंत्रात खऱ्या ड्रमचे रेकॉर्डिंग भरलेले होते. त्याची किंमत ५००० डॉलरच्या घरात! ८०८ मध्ये खरा ड्रम नव्हताच. सगळा आवाज विजेच्या सर्किटातून निघे. पुष्कळांनी नाके मुरडली. सुमारे १२ हजार नग तयार झाले आणि १९८३ साली काम थांबले.

थांबण्याचे एक कारणही ऐकण्यासारखे आहे. यंत्रातल्या सळसळत्या आवाजासाठी काकेहाशी मुद्दाम नापास ठरलेले ट्रान्झिस्टर विकत घेत. पुढे ट्रान्झिस्टरचे कारखाने सुधारले आणि तसा नापास माल मिळेनासा झाला!

मग ही यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात विकली जाऊ लागली. न्यूयॉर्क, डेट्रॉईटच्या वस्त्यांतील कृष्णवर्णीय तरुणांनी ती उचलली. त्यांच्याजवळ ड्रमचा संच नव्हता, स्टुडिओला पैसा नव्हता. १९८२ सालच्या 'प्लॅनेट रॉक' या रेकॉर्डमध्ये हेच यंत्र घुमले आणि हिप-हॉपला नवा ठोका मिळाला. मोठ्यांनी टाकले ते गरिबांनी जगाला ऐकवले. आणि आज? तेच जुने यंत्र हजारो डॉलरला विकले जाते. ज्यांनी त्याला मोल दिले, त्यांच्याच मुलांना ते परवडत नाही!

मग आवाज रेकॉर्ड करून ठेवला तर? ठेवता येतो. पण तो फोटोसारखा. फोटोतला माणूस हाक मारली तर ओ देत नाही. मूळ यंत्रात पहिला ठोका विरण्याआधी दुसरा पडला की आवाज किंचित बदलतो. रेकॉर्डिंगमध्ये ते येत नाही. त्यासाठी आतले सर्किट समजून घ्यावे लागते.

कर्ट वर्नर यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात नेमके हेच केले. २०१४ साली त्यांनी जोनाथन एबल व ज्युलियस स्मिथ यांच्यासह ८०८ च्या मोठ्या ड्रमच्या सर्किटाचा अभ्यास मांडला. झोपाळ्याला एक धक्का दिला की तो हलतो आणि हळूहळू थांबतो. तसा या सर्किटाला विजेचा एक झटका बसतो आणि 'धुम्म' असा नाद घुमत विरतो. कोणता रेझिस्टर, कोणता कपॅसिटर त्यात काय काम करतो, हे गणितात लिहायचे. मग संगणक तो हिशेब सेकंदाला हजारो वेळा करतो आणि आवाज जन्मतो. हिशेबाची एक पद्धत जर्मनीच्या आल्फ्रेड फेटवाइस यांनी १९७० च्या दशकात दिली होती. पण गुंतागुंतीच्या जोडणीत ती अडे. ती अडचण सोडवण्याचे मार्ग वर्नर यांनी २०१६ च्या प्रबंधात दाखवले. दरम्यान २०१४ साली खुद्द रोलँडनेही टीआर-८ या नव्या यंत्रात ८०८ चा आवाज डिजिटल रीतीने परत आणला.

आणि या अभ्यासाला आधार कशाचा होता, ठाऊक आहे? कंपनीने दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांसाठी छापलेल्या सर्किटच्या नकाशांचा! जो कागद कारागिराच्या टेबलावर तेलकट होतो, तोच विद्यापीठात डॉक्टरेटचा आधार झाला. "हा तुकडा इथे कशाला बसवला आहे?" हा प्रश्न कारागिराचाही आहे आणि संशोधकाचाही. फरक एवढाच की संशोधक उत्तर लिहून ठेवतो, म्हणून ते पुढच्याला मिळते.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, "बाबा, कीबोर्ड भंगारात घालू नकोस. त्याची पुस्तिका असेल तर जपून ठेव. आणि तुझा धाकटा भाऊ झाकण उघडून आत डोकावत असेल, तर त्याच्यावर ओरडू नकोस."