नांवाचें भाडें

धर्मशाळेच्या दारावर बांधणाऱ्याचें नांव कोरण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे, आणि तींत कोणी वावगें मानीत नाहीं. ज्यानें पदरचा पैसा खर्चून वाटसरूला सावली दिली, त्यानें दगडावर चार अक्षरें कोरून घेतलीं तर ती फार तर त्याची हौस म्हणावी. परंतु ज्यानें एक वीट रचली नाहीं, जमीन घेतली नाहीं, पाहुण्याच्या ताटांत घांसभर अन्न वाढलें नाहीं, त्याचें नांव दारावर लागावें, आणि तें लावूं दिल्याबद्दल पैसेही त्यालाच मोजावे, ही रीत नवी आहे. आमच्या सुशिक्षित कुटुंबांत तिला दिवसेंदिवस प्रतिष्ठा येत आहे. म्हणूनच तिचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त आहे.

पुण्यास कल्याणीनगरांत 'ट्रंप टॉवर्स' म्हणून दोन उंच मनोरे उभे आहेत. ते बांधले पंचशील रिअल्टीनें. मुंबईस वरळीला 'ट्रंप टॉवर' आहे. तो बांधला लोढा यांनीं. जमीन इथली, सिमेंट इथलें, गवंडी इथले. न्यूयॉर्कहून आलें तें केवळ नांव. या नांवाचे धनी ऑगस्ट 2014 मध्यें स्वतः या दोन्ही शहरांत येऊन गेले. पुढें मार्च 2025 मध्यें पुण्यांतच, ट्रायबेका व कुंदन स्पेसेस या कंपन्यांबरोबर, कचेऱ्यांच्या नव्या संकुलाची घोषणा झाली. तोंवर हे गृहस्थ दुसऱ्यांदा अमेरिकेचे अध्यक्ष झालेले होते. राजदंड हातीं असलेल्याचें नांव बाजारांत भाड्यानें मिळावें, हा योग विरळा खरा. तो शुभ आहे असें मात्र आम्हांस वाटत नाहीं.

हें नांव मोठें झालें कसें, तें पाहण्यासारखें आहे. फ्रेड ट्रंप हे ब्रुकलिन व क्वीन्स या न्यूयॉर्कच्या भागांत साध्या लोकांसाठीं बिऱ्हाडें बांधणारे व्यावसायिक. चिरंजीवांनीं मॅनहॅटनमध्यें पाऊल टाकलें, आणि 1988 सालीं तेथील 'प्लाझा' हें 1907 पासूनचें नामांकित हॉटेल सुमारें 40 कोटी डॉलरांस घेतलें. चारच वर्षांत, 1992 सालीं, त्या हॉटेलास दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. हॉटेल चालविण्यांत तोटा येतो, नांव चालविण्यांत येत नाहीं, हा धडा कोणाही व्यवहारचतुर माणसानें यांतून घेतला असता. पुढें 'ट्रंप' या पाटीखालीं जीं हॉटेलें निघालीं, त्यांतील कित्येकांची मालकी दुसऱ्यांची होती. टोरंटोच्या हॉटेलावरून 2017 सालीं, न्यूयॉर्कच्या सोहो भागांतील हॉटेलावरून त्याच वर्षीं, आणि पनामाच्या हॉटेलावरून 2018 सालीं तें नांव उतरलें. इमारती जागच्या जागीं राहिल्या, पाटी तेवढी गेली. ज्यांनीं पाटी पाहून त्या हॉटेलांतील खोल्या विकत घेतल्या होत्या, त्यांचें काय? टोरंटोच्या कांहीं खरेदीदारांस तर कोर्टाची पायरी चढावी लागली.

त्या 'प्लाझा'ची पुढची कथा आमच्या अधिकच जवळची आहे. 2012 सालीं त्या हॉटेलाचा मोठा हिस्सा विकत घेतला तो आमच्याच देशांतील सहारा समूहानें. याच समूहानें लोणावळ्याजवळ 'ॲम्बी व्हॅली' नांवाची श्रीमंतांची नगरी वसविली, आणि 2010 सालीं लंडनचें 'ग्रोव्हनर हाउस' घेतलें. भारतीय माणसानें न्यूयॉर्क जिंकलें, असें वाटून ज्यांची छाती फुगली त्यांनीं पुढचा हिशेबही वाचावा. त्याच वर्षाच्या 31 ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या समूहाच्या दोन कंपन्यांस हुकूम दिला, कीं सुमारें तीन कोटी लोकांकडून घेतलेले 24,000 कोटींहून अधिक रुपये शेंकडा 15 व्याजानें परत करावे. मार्च 2014 मध्यें समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांची तिहारच्या तुरुंगांत रवानगी झाली, आणि तेथील एका खोलींत बसून परदेशी हॉटेलांच्या विक्रीच्या वाटाघाटी करण्यासाठीं त्यांस न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. 2017 सालीं ॲम्बी व्हॅलीच्या लिलावाचा हुकूम निघाला. 2018 सालीं 'प्लाझा' कतारच्या हातीं गेलें. आणि जुलै 2023 मध्यें सरकारनें सहाराच्या सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठीं परताव्याची व्यवस्था उघडली, तेव्हां पावत्या शोधीत बसले ते लहान गांवांतले लोक. दोन देशांतील दोन इमारतवाले एकाच हॉटेलाच्या मोहांत पडावे, हा योगायोग खरा; पण ज्या भुकेनें ते पडले ती एकच होती. हॉटेल हें त्यांस पाहुण्यांसाठीं नको होतें. तें त्यांस आरसा म्हणून हवें होतें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं मोठ्या नांवामुळें दर्जा राखला जातो. राखला जातो, परंतु नांवाचा धनी स्वतः जबाबदार असेल तरच. खाणावळवाल्याची आमटी आज बिघडली तर उद्यां गिऱ्हाईक फिरकत नाहीं. ही शिक्षा त्याला रोज आहे. नांव उसनें देणाऱ्यास असली शिक्षा कोठें? जमशेटजी टाटांनीं 1903 सालीं मुंबईस उघडलेलें हॉटेल पाहा. पैसा त्यांचा, जोखीम त्यांची. पण दारावर 'टाटा' हें नांव नाहीं, 'ताजमहाल' हें आहे. दर्जा नांवानें आला नाहीं, कामानें आला. दुसरा आक्षेप असा, कीं अशा इमारतींनीं हजारोंना काम मिळतें. मिळतें खरें, पण तें विटांमुळें व स्वयंपाकघरामुळें मिळतें. नांवाचें भाडें हें गवंड्याच्या मजुरींत पडत नाहीं. तें खरेदीदाराच्या किंमतींत मात्र चढतें.

'हे सारे कोट्यधीशांचे खेळ. आमचा संबंध काय?' असें कोणी म्हणेल. आम्ही भिंगारांत राहतों, आणि संबंध काय तो आम्हांस येथून स्पष्ट दिसतो. येथील मुलें पुण्यास नोकरीस जातात, आणि बापाच्या फंडांतली रक्कम मुलाच्या पुण्यांतील बिऱ्हाडास लागते. वरच्या मजल्यावरची चाल खालच्या मजल्यावर उतरावयास वेळ लागत नाहीं. दोन खोल्यांच्या चाळवजा घरांवरही आतां 'रॉयल' आणि 'पॅलेस' अशीं नांवें चढतात, आणि पाण्याचा नळ केव्हां येईल हें विचारण्यापूर्वींच गिऱ्हाईक प्रवेशद्वाराच्या कमानीवर लुब्ध होतें.

राजविलासाचें काय होतें, हें भिंगारकरांस कोणी शिकवावयास नको. 1583 सालीं पुरा झालेला निजामशाहीचा फराहबाग आमच्या शेजारींच पडका उभा आहे. याच भागांत 1707 सालीं छावणींतच औरंगजेबाचा अंत झाला. उलट ज्यांच्या नांवावरून 2024 सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या चौंडींत जन्मलेल्या अहिल्याबाईंनीं काशी, गया, सोमनाथ येथें मंदिरें उभारलीं, यात्रेकरूंसाठीं घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नांवासाठीं कोणी भाडें भरलें नाहीं. कामाच्या मागून नांव चालत आलें आणि अडीचशें वर्षें टिकलें.

म्हणून आमचें मागणें थोडें पण निश्चित आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानें बिल्डरास आपल्या कामाची नोंदणी करावी लागते, आणि 2017 पासून महाराष्ट्रांत त्यासाठीं 'महारेरा' आहे. जेथें नांव उसनें आहे तेथें जाहिरातींत, नांवाएवढ्याच ठळक अक्षरांत, तीन गोष्टी छापणें सक्तीचें व्हावें: हें नांव किती वर्षांसाठीं घेतलें आहे, त्याचें भाडें किती, आणि इमारतींत दोष निघाल्यास नांवाचा धनी उत्तरदायी आहे कीं नाहीं. कायदा होईतों आमच्या वाचकांनीं हे तीन प्रश्न स्वतः विचारावे, आणि उत्तर लेखी मिळाल्याखेरीज विसार देऊं नये. जो विक्रेता या प्रश्नांनीं रागावेल, त्याच्याकडे विकावयास घर नाहीं, केवळ पाटी आहे, असें खुशाल समजावें.